घटनांवर चालणाऱ्या मोहिमा : ब्राउझरमधील खेळाची अंतर्गत रचना

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या मोठ्या खेळांत खेळाडूला काही कामगिऱ्या सोपवलेल्या असतात : अमुक इतके शत्रू मारावेत, हरवलेली वस्तू शोधून एखाद्या पात्राला नेऊन द्यावी, नकाशाच्या टोकाला असलेल्या गुहेपर्यंत पोहोचावे. ठरावीक उद्दिष्टे, ती पुरी झाल्याची कसोटी आणि त्यानंतरचे बक्षीस यांच्या अशा एकत्रित योजनेला मोहीम म्हणतात. मोहिमा सुरू करणे, त्यांची प्रगती मोजणे, बक्षीस देणे आणि पुढच्या मोहिमा खुल्या करणे ही कामे प्रोग्रामचा जो भाग करतो, ती मोहीम-व्यवस्था. खेळाडूला ती पडद्याच्या कोपऱ्यातील एक साधी यादी वाटते. प्रोग्रामरला मात्र ती खेळाच्या अवघड भागांपैकी एक वाटते, कारण लढाई, संवाद, पिशवीतील सामान, नकाशा, व्यापार अशा प्रत्येक विभागात काय चालले आहे याची खबर तिला लागते. ही खबर तिच्यापर्यंत कशी पोहोचते, यावर खेळाची पुढची सारी वाढ अवलंबून असते. या प्रकरणात मांडलेले तत्त्व थोडक्यात असे : खेळाने मोहिमांना ओळखू नये, मोहिमांनी खेळातील घटना ऐकाव्यात.

अवस्था तपासणे पुरेसे का पडत नाही

प्रगती मोजण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे ठरावीक काळाने खेळाची अवस्था तपासणे. अवस्था म्हणजे एखाद्या क्षणी खेळात जे आहे त्याची नोंद : खेळाडू कोठे उभा आहे, त्याच्याजवळ किती नाणी आहेत, त्याची किती ताकद उरली आहे. ब्राउझर पडद्यावरील चित्र बहुधा सेकंदाला ६० वेळा नव्याने काढतो, म्हणजे एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. या प्रत्येक फेरीत चालू मोहिमांच्या सर्व अटी तपासल्या, तर ४० उद्दिष्टांसाठी सेकंदाला २,४०० तपासण्या होतात. आजच्या संगणकाला हे ओझे जड नाही, त्यामुळे या पद्धतीवरचा खरा आक्षेप वेगाविषयी नाही, माहितीविषयी आहे. ‘दहा उंदीर मारा’ या अटीचे उत्तर अवस्थेत कोठेच सापडत नाही, कारण मेलेला उंदीर नकाशावरून नाहीसा होतो आणि त्याची खूण मागे उरत नाही. ‘एकही घाव न घेता लढाई जिंका’ यासारखी अट तर पूर्णपणे घडून गेलेल्या गोष्टींविषयी असते, आणि जे घडले ते घडत असतानाच टिपून ठेवले नाही तर नंतर कितीही तपासले तरी हाती लागत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे जेथे गोष्ट घडते तेथेच मोहिमेचा हिशेब लिहून ठेवणे : शत्रू मरतो त्या ओळीखालीच कोणत्या मोहिमेची गणती वाढवायची ते सांगणे. हा मार्ग अचूक आहे आणि छोट्या खेळात तो सोयीचाही ठरतो. त्याची मर्यादा कोठे येते, हे एका खऱ्या खेळाच्या रचनेवरून चांगले समजते.

ब्राउझरक्वेस्ट : एक उघडे उदाहरण

मार्च २०१२ मध्ये मोझिलाने ब्राउझरक्वेस्ट हा अनेक खेळाडूंनी एकाच वेळी खेळायचा खेळ सर्वांसाठी खुला केला. लिटल वर्कशॉप या फ्रेंच स्टुडिओने तो तयार केला होता, आणि कोणतेही जादा सॉफ्टवेअर न बसवता केवळ वेबच्या तंत्रांवर असा खेळ उभा राहू शकतो, हे दाखवून देणे हा त्यामागचा हेतू होता. चित्रे काढण्यासाठी कॅनव्हास, सर्व्हरशी सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीसाठी वेबसॉकेट आणि सर्व्हरच्या बाजूला नोड.जेएस अशी त्याची बांधणी होती. त्याचा सोर्स कोडही खुला असल्यामुळे अशा खेळाच्या आत काय चालते, हे कोणालाही वाचून पाहता आले.

या खेळात अचीव्हमेंट, म्हणजे विशिष्ट कामगिरीबद्दल मिळणारे सन्मान, ठेवलेले होते : दहा उंदीर मारणे, दहा सांगाडे मारणे, नवे शस्त्र मिळवणे, गावाच्या हद्दीबाहेर पाऊल टाकणे, शेवटच्या बलाढ्य शत्रूला हरवणे. खेळाडूच्या हातून शत्रू मेला की सर्व्हर तसा संदेश ब्राउझरकडे पाठवतो, आणि तो संदेश हाताळणारे फंक्शन एकूण बळींची गणती वाढवते, शत्रू उंदीर आहे की सांगाडा हे पाहून त्या त्या गणतीत भर घालते आणि मग संबंधित सन्मान खुला होतो का, ते तपासते. ही गणती ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे खेळाडूच्याच संगणकावर जपली जाते.

मोजक्या सन्मानांसाठी ही मांडणी स्वच्छ आणि पुरेशी आहे. कोड वाचणाऱ्याला सारे एका ठिकाणी दिसते, हा तिचा गुणच म्हणावा लागेल. परंतु येथे शत्रू मेल्याची बातमी हाताळणाऱ्या फंक्शनला उंदरांचा सन्मानही ठाऊक असावा लागतो आणि सांगाड्यांचाही. सन्मानांच्या जागी एकमेकींत गुंतलेल्या शेकडो मोहिमा आल्या, तर लढाईच्या, संवादाच्या आणि व्यापाराच्या प्रत्येक फंक्शनमध्ये प्रत्येक मोहिमेचा उल्लेख करावा लागेल, आणि एक मोहीम बदलण्यासाठी पाच-सहा ठिकाणी हात घालावा लागेल. ज्या संघात मोहिमा लिहिणारी माणसे वेगळी आणि लढाईचा कोड लिहिणारी वेगळी असतात, तेथे या गुंत्याची किंमत दररोज मोजावी लागते.

घटना, लिसनर आणि इव्हेंट बस

या गुंत्यावरील उपाय प्रोग्रामिंगच्या क्षेत्रात बराच जुना आहे. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडेस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथात ज्या रचनांना नावे दिली, त्यांत ऑब्झर्व्हर ही एक होती : एका घटकात बदल झाला की ज्यांनी आधी नाव नोंदवले आहे त्या सर्वांना तो कळवला जातो, आणि कळवणाऱ्याला ते कोण आहेत व बातमीचे पुढे काय करतात, याच्याशी कर्तव्य नसते. रॉबर्ट नायस्ट्रम यांनी २०१४ मधील ‘गेम प्रोग्रॅमिंग पॅटर्न्स’ या पुस्तकात हीच रचना समजावताना उदाहरण घेतले ते सन्मान-व्यवस्थेचे, आणि ते समर्पक आहे, कारण सर्व विभागांची खबर लागणारी पण कोणत्याही विभागात न मावणारी अशी ही गोष्ट आहे.

खेळात काही घडले की त्याची एक छोटी नोंद तयार होते. तिला घटना किंवा इव्हेंट म्हणतात. ती नोंद इव्हेंट बस नावाच्या मध्यवर्ती घटकाकडे जाते, आणि बस ती त्या प्रकारच्या घटनांसाठी नाव नोंदवलेल्या सर्व लिसनरांना, म्हणजे ऐकून काम करणाऱ्या फंक्शनांना, देते. गावात दवंडी पिटणारा घरोघरी जाऊन कोणाला काय करायचे ते सांगत बसत नाही. तो बातमी पुकारतो आणि ज्याचा त्याच्याशी संबंध असेल तो ती मनावर घेतो. लढाईचा विभागही तसाच ‘शत्रू मारला गेला’ एवढेच जाहीर करतो, आणि मोहिमा, आवाज, गुणफलक, आकडेवारी हे सारे आपापल्या गरजेप्रमाणे ती बातमी वापरतात.

ब्राउझर या पद्धतीला मुळातच अनुकूल आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी घडवलेली जावास्क्रिप्ट ही भाषा प्रथमपासून वापरकर्त्याच्या कृतींना प्रतिसाद देण्यासाठीच होती. तिचा कोड पानावर एका वेळी एकच काम करतो. क्लिक, कळ दाबणे, सर्व्हरकडून आलेला संदेश, ठरलेली वेळ होणे या गोष्टी रांगेत उभ्या राहतात आणि हातातले काम संपले की रांगेतील पुढचे घेतले जाते. या अखंड फेऱ्याला इव्हेंट लूप म्हणतात. घटनेसाठी लिसनर नोंदवण्याची सामायिक पद्धत वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने नोव्हेंबर २००० मध्ये डॉम लेव्हल २ इव्हेंट्स या प्रमाणकात पक्की केली, आणि आजच्या ब्राउझरांत प्रोग्रामरला स्वतःच्या नावाच्या घटना तयार करून त्याच यंत्रणेतून पाठवता येतात. त्यामुळे इव्हेंट बस लिहिण्यासाठी बाहेरची लायब्ररी लागतेच असे नाही.

घटनेची नोंद कशी लिहावी याला मात्र शिस्त हवी. घटना ही घडून गेलेल्या गोष्टीची बातमी असावी, आज्ञा नसावी : ‘उंदीर-मोहिमेची गणती वाढवा’ असा संदेश पाठवला, तर पाठवणाऱ्याला मोहीम पुन्हा ठाऊक झाली आणि सारा लाभ गेला. नोंदीत जे घडले त्याचा पुरेसा तपशील असावा : कोणी मारले, कोणत्या प्रकारचा शत्रू, नकाशाच्या कोणत्या भागात, कोणत्या शस्त्राने, केव्हा. एकदा तयार झालेली नोंद कोणी बदलू नये, कारण एका लिसनरने तिच्यात फेरफार केला तर पुढच्या लिसनरांना खोटी बातमी मिळते आणि ही चूक शोधून काढणे फार कठीण जाते.

मोहीम म्हणजे माहिती

घटना एकसारख्या स्वरूपात येऊ लागल्या की मोहीम कोडमध्ये लिहिण्याची गरज बरीच कमी होते. ‘जुन्या खाणीत दहा उंदीर मारा आणि मग गावप्रमुखाशी बोला’ ही मोहीम दोन ओळींच्या माहितीत मावते : पहिले उद्दिष्ट ‘शत्रू मारला गेला’ ही घटना ऐकते, प्रकार उंदीर आणि ठिकाण खाण या अटींवर तिची चाळणी करते आणि दहापर्यंत मोजते, दुसरे उद्दिष्ट ‘संवाद संपला’ ही घटना ऐकते आणि पात्र गावप्रमुखच आहे का, ते पाहते. घटनेचे नाव, चाळणी आणि संख्या या तीन गोष्टींनी बहुसंख्य उद्दिष्टे व्यक्त होतात, आणि अशी माहिती जेसनसारख्या साध्या मजकूर-स्वरूपात ठेवली की मोहिमा लिहिणारा लेखक प्रोग्रामरची वाट न पाहता त्या रचू शकतो. एखादी खरोखर आगळी अट आली तरच तिच्यासाठी वेगळे फंक्शन लिहावे लागते.

प्रत्येक मोहीम खेळाडूगणिक काही ठरावीक टप्प्यांतून जाते : बंद, उपलब्ध, चालू, पूर्ण आणि बक्षीस दिलेली. कोणत्या टप्प्यातून कोणत्या टप्प्यात जाता येते, हे नेमके ठरवून देणाऱ्या अशा मांडणीला स्टेट मशीन म्हणतात. ‘पूर्ण’ आणि ‘बक्षीस दिलेली’ हे टप्पे वेगळे ठेवणे क्षुल्लक वाटते. परंतु पूर्तता आणि बक्षीस यांच्यामध्ये ब्राउझर बंद पडला, तर खेळाडूचे बक्षीस बुडणार नाही आणि दोनदाही मिळणार नाही, याची हमी याच भेदातून मिळते.

टप्प्यांवरून आणखी एक गोष्ट ठरते : मोहिमेने घटना कधी ऐकायच्या. केवळ ‘चालू’ टप्प्यातील मोहिमेनेच नाव नोंदवावे आणि तो टप्पा संपताच ते काढून घ्यावे. नाव काढायचे राहिले तर संपलेली मोहीमही घटना ऐकत राहते, तिने धरून ठेवलेली मेमरी मोकळी होत नाही, आणि पान तासन्‌तास उघडे ठेवणाऱ्या खेळाडूचा खेळ हळूहळू मंदावतो. या चुकीला मेमरी लीक म्हणतात, आणि ती इतकी सर्रास होते की नोड.जेएसमध्ये एकाच घटनेसाठी दहापेक्षा अधिक लिसनर जमा झाले, तर यंत्रणा स्वतःहून इशारा देते.

आधीच घडून गेलेले आणि घडण्याचा क्रम

घटनांवर चालणाऱ्या मोहिमांत सर्वाधिक दोष दोन ठिकाणी निपजतात. पहिले ठिकाण म्हणजे मोहीम सुरू होण्यापूर्वीचा काळ. वैद्याने पाच औषधी मुळ्या आणायला सांगितल्या आणि खेळाडूच्या पिशवीत त्या आधीपासूनच असल्या, तर ‘वस्तू उचलली’ ही घटना आता पुन्हा घडणार नाही आणि मोहीम कायमची अडकून पडेल. म्हणून उद्दिष्टे लिहितानाच त्यांचे दोन वर्ग करावे लागतात : ‘मिळवणे’, ‘मारणे’, ‘भेटणे’ ही कृतीविषयक उद्दिष्टे मोहीम सुरू झाल्यानंतरच्या घटनाच मोजतात, ‘जवळ असणे’, ‘पातळी गाठलेली असणे’ ही अवस्थाविषयक उद्दिष्टे मोहीम सुरू होताच एकदा अवस्था वाचतात आणि त्यानंतर ती बदलल्याच्या घटना ऐकतात. दुसऱ्या वर्गातील प्रगती मागेही जाऊ शकते, कारण खेळाडू मुळी विकून टाकू शकतो. म्हणून ‘वस्तू गेली’ ही घटनाही तेवढ्याच काळजीने ऐकावी लागते. अवस्था तपासण्याची पद्धत अशी येथे योग्य जागी परत येते : रोजचा पहारा म्हणून नव्हे, तर आरंभीचा एक दृष्टिक्षेप म्हणून.

दुसरे ठिकाण म्हणजे घटनांचा क्रम. दहावा उंदीर मरतो, पहिली मोहीम पूर्ण होते, बक्षिसात अनुभवाचे गुण मिळतात, त्यामुळे खेळाडूची पातळी वाढते, त्यामुळे दुसरी मोहीम खुली होते, आणि तिलाही उंदीरच मारून हवे असतात. आता हा दहावा उंदीर दुसऱ्या मोहिमेत धरायचा का? ब्राउझरमध्ये प्रोग्रामने स्वतः पाठवलेली घटना त्याच क्षणी, पुढची ओळ चालण्यापूर्वी, सर्व लिसनरांपर्यंत पोहोचते; त्यामुळे एका घटनेच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी अशी साखळी तयार होते, आणि पहिल्या घटनेचे काही लिसनर अजून वाट पाहत असतानाच तिसरीचे परिणाम घडून गेलेले असतात. ब्राउझरची यंत्रणा एका घटनेच्या वाटपादरम्यान त्याच ठिकाणी नव्याने नोंदवलेल्या लिसनराला ती चालू घटना देत नाही, ही गोष्ट येथे उपयोगी पडते. पण स्वतः लिहिलेल्या बसमध्ये हा नियम प्रोग्रामरनेच पाळावा लागतो.

यावरील भरवशाचा उपाय म्हणजे रांग. घटना घडताच वाटण्याऐवजी रांगेत टाकावी, एका घटनेचे सर्व लिसनर पुरे झाल्यावरच पुढची काढावी, आणि नव्या मोहिमा रांग पूर्ण रिकामी झाल्यावर सुरू कराव्यात. त्यामुळे ‘मोहीम सुरू होण्यापूर्वी घडलेले त्या मोहिमेत धरले जात नाही’ हा खेळाडूलाही न्याय्य वाटणारा नियम आपोआप पाळला जातो. दोन मोहिमा एकमेकींना घटना पाठवत अखंड फिरू लागल्या तर एका फेरीत किती घटना घ्यायच्या यावरील मर्यादा उपयोगी पडते, कारण एकाच वेळी एकच काम करणारा ब्राउझर अशा फेऱ्यात सापडला की संपूर्ण पान गोठते.

सत्य कोणाकडे

ब्राउझरमध्ये चालणारा कोड खेळाडूच्या हाती असतो; तो वाचता येतो, बदलता येतो, आणि लोकल स्टोरेजमधील आकडा कोणीही हाताने वाढवू शकतो. सन्मान केवळ हौसेचे असतात तेव्हा याने बिघडत नाही. बक्षिसातील नाण्यांनी इतर खेळाडूंशी व्यवहार होऊ लागला की मात्र घटना जाहीर करण्याचा अधिकार सर्व्हरकडेच असावा लागतो. ब्राउझरने केवळ इच्छा कळवावी, ‘या शत्रूवर वार करायचा आहे’. वार लागला का, शत्रू मेला का, हे सर्व्हरने ठरवावे आणि मोहिमेची गणतीही त्यानेच ठेवावी. डिसेंबर २०११ मध्ये प्रमाणित झालेल्या वेबसॉकेटमुळे सर्व्हरला ही बातमी विचारणा होण्याची वाट न पाहता ब्राउझरकडे ताबडतोब पाठवता येते. ब्राउझरमधील मोहीम-व्यवस्था मग यादी दाखवणे, आवाज वाजवणे, दिशा सुचवणे एवढ्यापुरती उरते, आणि त्याही बाजूला घटना ऐकण्याची तीच रचना चालते.

जोडणी तुटून पुन्हा जुळते तेव्हा एकच संदेश दोनदा पाठवला जाण्याचा धोका असतो. यासाठी प्रत्येक विनंतीला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि हाताळलेले क्रमांक सर्व्हरने लक्षात ठेवावेत, म्हणजे तोच संदेश पुन्हा आला तरी परिणाम एकदाच होतो. बक्षीस देणे आणि मोहिमेचा टप्पा बदलणे ही दोन कामे डेटाबेसमध्ये एकाच व्यवहारात करावीत : झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

चाचणी आणि शोध

या रचनेचा सर्वांत मोठा लाभ खेळाडूला दिसत नाही. मोहिमेला बाहेरून फक्त घटना आणि आरंभीची अवस्था मिळते, त्यामुळे तिची चाचणी घेण्यासाठी नकाशा, चित्रे, एवढेच काय ब्राउझरही लागत नाही. नऊ उंदीर, एक सांगाडा आणि पुन्हा एक उंदीर अशा घटनांची यादी दिली आणि मोहीम अकराव्या घटनेलाच पूर्ण झाली, तर ती बरोबर आहे. अशा शेकडो चाचण्या काही क्षणांत पुऱ्या होतात. खेळाडूने तक्रार केली आणि त्याच्या घटनांची नोंदवही जपलेली असली, तर त्याच घटना पुन्हा चालवून दोष नेमका कोठे आहे, ते पाहता येते.

ही नोंदवही ऐच्छिक समजता कामा नये, कारण या रचनेची उणीवही तेथेच भरून निघते. थेट बांधलेल्या कोडमध्ये कोणत्या ओळीने काय घडवले हे वाचताच कळते. घटनांच्या रचनेत कारण एका फाइलीत आणि परिणाम दुसऱ्याच फाइलीत असतो आणि दोघांना जोडणारा धागा केवळ घटनेच्या नावाचा असतो. त्या नावात एका अक्षराची चूक झाली तरी प्रोग्राम तक्रार करत नाही, मोहीम फक्त मुकाट्याने बसून राहते. म्हणून सर्व घटनांची नावे एकाच यादीत घोषित करावीत, यादीबाहेरचे नाव वापरले तर प्रोग्राम लगेच थांबावा, आणि कोणती घटना कोणत्या मोहिमेने ऐकली, हे नोंदवहीत दिसावे.

घटनांवर चालणारी मोहीम-व्यवस्था उभारण्यासाठी सुरुवातीला थेट पद्धतीपेक्षा अधिक विचार करावा लागतो आणि वीस सन्मानांच्या छोट्या खेळात तो खर्च वसूल होईलच असे नाही. ज्या खेळात नव्या मोहिमा वर्षानुवर्षे येत राहणार आहेत, तेथे मात्र तिला खरा पर्याय नाही. तिच्यामुळे लढाईचा कोड लिहिणाऱ्याला गोष्टीची चिंता करावी लागत नाही, गोष्ट रचणाऱ्याला लढाईच्या कोडला हात लावावा लागत नाही, आणि आज कोणाच्या कल्पनेतही नसलेली मोहीम उद्या जुन्या खेळात एकही ओळ न बदलता सामावून घेता येते, एवढीच अट की तिला हवी ती घटना खेळ आधीपासून प्रामाणिकपणे जाहीर करत असला पाहिजे.